कॅमेरा हेही एक उपकरणच: जुन्या रेंजफाइंडरवरून मोजमापाचे धडे

संशोधन करायचं ठरवलं की सगळे आधी विचारतात, "विषय काय?" फार कमी जण विचारतात, "मोजणार कशाने?" आणि "ज्याने मोजणार, ते बरोबर मोजतंय हे कशावरून?" हे तर गाइडसमोर बसेपर्यंत कुणाच्या डोक्यातही येत नाही. आज या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलू. उदाहरणाला घेऊ जुना, फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर कॅमेरा. तो हातात धरता येतो, मागून उघडून बघता येतो आणि त्याच्या बहुतेक चुकांचं कारण शोधून काढता येतं. प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राबाबत एवढं सुख नसतं.

आधी संदर्भ

मी राहतो माणमध्ये. मुळशी तालुक्यातलं हे गाव आता हिंजवडीच्या आयटी पार्कचा भाग म्हणूनच ओळखलं जातं. शिवाजीनगरला जोडणारी सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो मार्गिकाही इथूनच सुरू होते. माझं काम शहराच्या कडेला बदलणाऱ्या जमिनीवर आहे. त्यात एक पद्धत वापरतो, पुनर्छायाचित्रण. ठरावीक जागी उभं राहून, ठरावीक दिशेने, ठरावीक काळाने पुन्हा फोटो काढायचा आणि काय बदललं ते मोजायचं.

डिजिटल कॅमेऱ्याने हे होत नाही असं नाही, होतं. फिल्म वापरण्याची कारणं दोन. एक, घरोघरी पेटीत असलेले जुने फोटो फिल्मवरचे आहेत, तेव्हा तुलना करताना त्याच प्रकारचं साधन असलेलं बरं. दुसरं, निगेटिव्ह चाळीस वर्षांनीही नुसत्या उजेडासमोर धरून बघता येते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आज शेताच्या बांधावरून काढलेला फोटो फसला आणि तुम्ही पुढच्या वर्षी तिथे गेलात, तर तिथे पत्र्याचं कुंपण असेल. ही नोंद पुन्हा घेता येत नाही. म्हणून उपकरणावर आंधळा विश्वास परवडत नाही.

रेंजफाइंडर म्हणजे नेमकं काय?

या कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून बघत नाही. वरच्या बाजूला दोन खिडक्या असतात. एकीतून समोरचं दृश्य दिसतं. दुसरीतून तेच दृश्य किंचित वेगळ्या कोनातून येतं आणि पहिल्यावर एका छोट्या चौकोनात पडतं. लेन्सची कडी फिरवली की हा चौकोनातला ठिपका सरकतो. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला.

हे सरळ सरळ त्रिकोणमिती आहे. दोन खिडक्यांमधलं अंतर हा त्रिकोणाचा पाया. कोन समजला की वस्तूचं अंतर निघतं. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून जी त्रिकोणी मोजणी सुरू केली, तिचं तत्त्व हेच. तो मोजणी करत करत उत्तरेकडे आला आणि १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याचा पाया काही मैलांचा होता, कॅमेऱ्याचा काही सेंटिमीटरचा, एवढाच फरक.

लेन्सला जोडलेला असा रेंजफाइंडर लायकाच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये १९३२ साली आला. सोव्हिएत युनियनमध्ये खार्किवला १९३४ पासून फेड आणि क्रास्नोगोर्स्कला १९४८ पासून झोर्की हे कॅमेरे लायकाच्या धर्तीवर बनले. लायका एम३ आला १९५४ साली आणि जपानचा याशिका इलेक्ट्रो ३५ १९६६ साली. आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात फिरला तो लायका घेऊन. बिर्ला हाउसच्या फाटकावर गांधीजींच्या मृत्यूची बातमी सांगणारे नेहरू त्याने रात्रीच्या तुटपुंज्या उजेडात टिपले. म्हणजे हे यंत्र कमी उजेडातही काम करतं, पण कुठपर्यंत, ते आकड्यांत बघू.

धडा पहिला: चूक अंतराच्या वर्गाने वाढते

पायाची लांबी गुणिले खिडकीचं मोठेपण, याला परिणामी पाया म्हणू. लायका एम३ मध्ये पाया ६८.५ मिलिमीटर आणि मोठेपण ०.९१, म्हणजे परिणामी पाया सुमारे ६२ मिलिमीटर. झोर्की-४ मध्ये तो सुमारे ३८ मिलिमीटर.

आता समजा, दोन प्रतिमा जुळवताना तुमचा डोळा एक मिनिट कोनाइतका चुकतो. एक मिनिट म्हणजे ०.०००२९ रेडियन. सूत्र असं:

अंतरातली चूक = (अंतर × अंतर × कोनातली चूक) ÷ परिणामी पाया

दोन मीटरवर झोर्कीची चूक येते सुमारे ३ सेंटिमीटर, एम३ ची सुमारे २. पाच मीटरवर झोर्कीची होते १९ सेंटिमीटर. अंतर अडीच पट झालं, चूक सहा पटींहून जास्त वाढली. संशोधनात "उपकरणाची अचूकता अमुक इतकी" असं एकच वाक्य लिहून मोकळं होणाऱ्यांनी हे जरूर बघावं. कुठल्या टप्प्यात अमुक इतकी, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

पण नुसती चूक सांगूनही भागत नाही, ती चालणारी आहे का हे बघावं लागतं. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर दोन मीटरला लावली, तर १.९१ ते २.१० मीटरपर्यंतचं सगळं स्वीकारण्याइतकं स्पष्ट दिसतं. हिशेब फिल्मवर ०.०३ मिलिमीटरचा धूसरपणा चालतो असं धरून आहे. म्हणजे हातात जवळजवळ १९ सेंटिमीटरची पट्टी आहे आणि ३ सेंटिमीटरची चूक तिच्यात सहज मावते. एफ/८ ला ही पट्टी १.६८ ते २.४६ मीटर, म्हणजे ७८ सेंटिमीटर होते. माझे जमिनीचे फोटो बहुतेक एफ/८ वरच असतात, ते यासाठीच.

धडा दुसरा: जुळणं आणि बरोबर असणं वेगळं

वरचा हिशेब डोळ्याच्या चुकीचा झाला. ती कधी इकडे, कधी तिकडे होते. दहा वेळा फोकस करून सरासरी काढली की कमी होते. हिला यादृच्छिक चूक म्हणतात.

दुसरी चूक जास्त वाईट. रेंजफाइंडरमधला आरसा पन्नास वर्षांत जरा जरी हलला असेल, तर प्रतिमा दर वेळी अगदी व्यवस्थित जुळतात, पण चुकीच्या अंतरावर. दहा वेळा करा, शंभर वेळा करा, तेच उत्तर येणार. ही पद्धतशीर चूक. सरासरी काढून ती जात नाही, उलट आकडे एकमेकांजवळ आल्यामुळे आपल्याला उगीच खात्री वाटायला लागते.

ती पकडायला बाहेरचं, स्वतंत्र मापच लागतं. तुमच्या घरचं कुणी भोसरी किंवा चाकणच्या वर्कशॉपमध्ये असेल तर त्यांना विचारा. डायल गेजवर विश्वास ठेवण्याआधी ते स्लिप गेज लावून बघतात. कॅमेऱ्याचं तसंच करा:

१. फिल्म न भरता मागचं दार उघडा. फिल्म जिथे टेकते त्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, शटर 'बी' वर उघडं ठेवा, लेन्स सगळ्यात मोठ्या छिद्रावर.

३. मोजपट्टीने फिल्मच्या पातळीपासून बरोबर एक, दोन आणि तीन मीटरवर छापील मजकूर लावा. मजकुरावर चांगला उजेड हवा.

४. भिंगाने ट्रेसिंग पेपरवर बघत लेन्स फिरवा. मजकूर स्पष्ट झाला की थांबा. आता रेंजफाइंडरमधून बघा. तिथेही प्रतिमा जुळलीय का?

५. शेवटी किलोमीटरभर लांबच्या इमारतीच्या कडेवर हेच करा.

जुळत नसेल तर किती आणि कुठल्या बाजूला, ते वहीत लिहा. दुरुस्त करता आलं तर उत्तम. नाही आलं तरी माहीत असलेली चूक हिशेबात घेता येते. माहीत नसलेली नाही.

धडा तिसरा: तपासणाऱ्याचीही मर्यादा असते

जुन्या शटरचे स्प्रिंग सैल होतात, तेल घट्ट होतं. डायलवर १/१५ लिहिलंय म्हणजे तेवढंच उघडतं असं नाही. मोबाइलच्या स्लो मोशनने हे तपासता येतं. सेकंदाला २४० चित्रं घेतली तर १/१५ सेकंदात १६ चित्रं यायला हवीत. एखादं इकडेतिकडे झालं तर चूक सुमारे ६ टक्के, ठीक आहे. १/६० ला मात्र फक्त चार चित्रं, म्हणजे एका चित्राची चूक २५ टक्के. १/५०० तर या पद्धतीने मोजताच येणार नाही, त्याला प्रकाशाचा सेन्सर हवा. मोबाइल वाईट नाही, फक्त त्याची हद्द इथे संपते. प्रबंधात ही हद्द लिहायची असते.

असंच बॅटरीचं. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं आहे. तो सेल आता मिळत नाही. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, मीटरचा काटाही हलतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण अशा बहुतेक मीटरना उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि निगेटिव्ह पातळ येते. शिवाय सेल उतरत जाईल तशी ही चूकही बदलते. तेव्हा वेगळ्या मीटरशी ताडून बघा. तेही नसेल तर स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या वेगाइतकं शटर (आयएसओ ४०० ला जवळचं १/५००) हा जुना नियम धरा.

धडा चौथा: "जुन्या लेन्सची मजाच वेगळी" हे विधान तपासा

हे तुम्ही ऐकलं असेल. चुकीचं नाही, पण संशोधकाने पुढचा प्रश्न विचारायचा, कशामुळे? कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. काच आणि हवा यांच्या मध्ये असे आठ पृष्ठभाग असतील तर पलीकडे ७२ टक्के पोचतो, सहा असतील तर ७८. परत फेकलेल्यातला काही उजेड आतल्या आत फिरून फिल्मवर पसरतो आणि काळ्या जागा राखाडी होतात. ती 'मऊ' छटा इथून येते. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ साली कोटिंगची रीत काढली त्यानंतर चित्र बदललं.

पण आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरली असेल, तर तीही असाच मऊपणा आणते! परिणाम एक, कारणं दोन. वेगळी कशी करणार? दोन लेन्स, एकच कॅमेरा, एकच फिल्म, एकच दृश्य, तेच छिद्र, ट्रायपॉड. त्याआधी टॉर्च लावून लेन्सच्या आत बघा. मग निगेटिव्हवर नाव न लिहिता मित्राकडून ओळखून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बस्स. (आणि लेन्स चामड्याच्या खोळीत नको, सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवा.)

तुम्ही आता काय कराल?

कॅमेरा नसला तरी हरकत नाही. तुमच्या कामातलं कुठलंही साधन घ्या. प्रश्नावली असो, सेन्सर असो, नाहीतर मुलाखत. त्याच्याबद्दल चार ओळी लिहा: ते कुठल्या टप्प्यात चांगलं चालतं, कुठली चूक सरासरीने जाते, कुठली जात नाही आणि ती कशाशी ताडून बघणार.

कॅमेरा असेल तर पहिला रोल मोजपट्टी आणि भिंतीवरच्या छापील कागदाला द्या. झोर्की किंवा फेड असेल तर आधी शटर चढवा, मगच वेग बदला, नाहीतर आतली यंत्रणा बिघडू शकते. लेन्सचं तोंड सूर्याकडे करून कॅमेरा ठेवू नका, कापडी शटरला भोक पडतं. प्रत्येक चित्राची वेळ, छिद्र, शटर, अंतर आणि उभं राहण्याची जागा वहीत लिहा. ३६ चित्रं संपल्यावर आठवणीतून लिहू म्हणाल, तर दहाव्या चित्रापुढे काही आठवणार नाही. छत्तिसाव्यापर्यंत वही भरली की मग बांधावर जा.