उपकरणे, कार्यप्रणाली आणि ड्रायव्हर : एक तुलनात्मक विचार

हस्तलिखितांच्या प्रतिमा घेणे, क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे साठविणे ही भाषाविषयक संशोधनाची कामे आता संगणकावाचून होत नाहीत. अशा वेळी एक अडचण वारंवार उद्भवते : स्कॅनर सर्वथा निर्दोष असतो, परंतु नवा संगणक त्यास ओळखीत नाही. उणीव उपकरणात नसून ड्रायव्हरची असते. निरनिराळ्या कार्यप्रणालींत या उणिवेचे स्वरूप भिन्न का असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कार्यप्रणालीच्या सर्वसाधारण आज्ञांचे विशिष्ट उपकरणाच्या संकेतांत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. तो एक प्रकारचा दुभाष्याच होय. दोहोंपैकी एक भाषा बदलली की दुभाष्याचे ज्ञान अपुरे पडते. उपकरणाची भाषा सहसा बदलत नाही. कार्यप्रणालीची मात्र बदलत राहते. तेव्हा ड्रायव्हर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हाच मुख्य प्रश्न ठरतो.

विंडोजमध्ये ती प्रायः उपकरणाच्या उत्पादकाकडे असते. बाजारपेठ मोठी असल्यामुळे नव्या उपकरणाचा ड्रायव्हर विंडोजसाठी बहुधा तत्काळ मिळतो. परंतु जुन्या मालासाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात उत्पादकास लाभ नसतो. ६४-बिट विंडोजच्या गाभ्यात ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ ६४-बिट रूपात आहे, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या स्कॅनरसाठी केवळ ३२-बिट ड्रायव्हर निघाला, त्यास आता आधार असलेल्या विंडोजमध्ये स्थान उरलेले नाही.

ॲपल संगणक व कार्यप्रणाली दोन्ही स्वतःच तयार करते. म्हणून अंतर्गत भागांविषयी प्रश्न क्वचितच उद्भवतो. २०१९ साली कॅटालिना आवृत्तीबरोबर तिने अनेक ड्रायव्हर गाभ्याबाहेर चालविण्याची व्यवस्था आणली. गाभ्यातील एक चूक सबंध यंत्रणा पाडू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसून आले : क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनामुळे विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. तथापि जुने सोडून देण्यात ॲपल फारसा संकोच करीत नाही. २०२५ च्या मॅकओएस २६ मधून फायरवायरचा आधार वगळण्यात आला. या जोडणीवर अवलंबून असणाऱ्या डीव्ही फितींवरील मुद्रणे उतरविण्यास आता जुना मॅक जपून ठेवावा लागतो.

लिनक्सची रीत निराळी आहे. तेथे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलच्या मूळ संहितेतच समाविष्ट असतात. कर्नेलची अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे बंधन नाही. मात्र जो ती बदलतो, त्यानेच संहितेतील संबंधित ड्रायव्हर सुधारावयाचे असतात. त्यामुळे उत्पादकाने पाठ फिरविली तरी उपकरण निराधार होत नाही. स्कॅनरचे ड्रायव्हर कर्नेलबाहेर, ‘सेन’ या मुक्त प्रकल्पात आहेत. त्यांची संहिता उपलब्ध असल्याने ६४-बिट संगणकासाठी ती पुन्हा संकलित करता येते. उलटपक्षी, उत्पादकाने माहिती दिली नाही तर ड्रायव्हर उशिरा येतो वा येतच नाही. एनव्हिडियाने आपल्या कर्नेल ड्रायव्हरची संहिता २०२२ साली खुली केली, तीही केवळ नव्या चिपांपुरती.

यावरून खरेदीचा एक नियम निष्पन्न होतो. यूएसबी ऑडिओ वर्गासारख्या सामान्य मानकाचे पालन करणारे उपकरण घ्यावे. त्यास कार्यप्रणालीतील सर्वसाधारण ड्रायव्हर पुरेसा असतो. आणि जी मुद्रणे अद्याप जुन्या फितींवर आहेत, ती उतरवून घेण्याचे काम लांबणीवर टाकू नये. फीत टिकेल, तिचे यंत्रही टिकेल. परंतु दोहोंमधील दुभाष्या टिकेलच, याची शाश्वती नाही.