वेणी घालायला सिंक किती लागतात?

टेक्सासमधल्या एका शाळेनं विद्यार्थ्याला केसांच्या लांबीवरून महिनोन्महिने वर्गाबाहेर ठेवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानंही शाळेचीच बाजू उचलून धरली. त्यावर भरपूर लिहून झालंय. मला आठवली ती त्याच राज्यातली जुनी भानगड. तिथे वाद केस राखण्याचा नव्हता, गुंफण्याचा होता.

डॅलसच्या आयसिस ब्रँटली आफ्रिकी वळणाच्या वेण्या घालतात. टोकदार दांडीच्या फणीनं भांग पाडायचा, तीन पेड धरायचे आणि डोक्याला लागून, दर वळशाला थोडे नवे केस उचलत मानेपर्यंत यायचं. कात्री नाही, रंग नाही, रसायन नाही. तरी १९९७ मध्ये बाईंना अटक झाली, कारण ब्यूटीपार्लरवाल्यांचा परवाना नव्हता. २००७ मध्ये राज्यानं वेणीकामासाठी ३५ तासांचं वेगळं प्रमाणपत्र काढलं, ते ब्रँटलीबाईंना मिळालंही. पण हे काम शिकवायचं म्हटल्यावर पुन्हा घोडं अडलं. वेणीकाम न्हाव्यांच्या नियमावलीत घातलेलं; त्यामुळे शिकवायला जागा हवी २,००० चौरस फूट, सलूनच्या खुर्च्या १० आणि सिंक ५. त्या सिंकांत धुवायचं काय, हे कुणी सांगेना! जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी या अटी घटनाबाह्य ठरवल्या आणि त्याच वर्षी टेक्सासनं परवान्याची अटच काढून टाकली.

ब्रँटलीबाईंच्या वतीनं खटला लढवणारी इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस काही भाबडी संस्था नव्हे. परवान्याची अट दिसली की तिचे हात शिवशिवतात. शिवाय फार घट्ट वेण्यांनी मुळं ओढली जाऊन टक्कल पडतं, हे खरंच आहे. मिझुरीतली १,५०० तासांच्या प्रशिक्षणाची अट २०१८ मध्ये अपील न्यायालयानं आरोग्याच्याच मुद्द्यावर ग्राह्य धरली होती. पण त्या तासांत वेण्यांच्या वाट्याला यायचं ते नावापुरतं. परवान्याच्या अटी ठरवणाऱ्या मंडळांवर बहुधा परवानाधारक व्यावसायिकच बसलेले असतात, हेही विसरू नये. त्याच वर्षी मिझुरीच्या विधिमंडळानंही ती अट सोडून दिली.

मिसिसिपीत तर ट्युपेलोच्या मेलनी आर्मस्ट्राँग यांना वेण्या घालता याव्यात म्हणून विगचा ३०० तासांचा कोर्स करावा लागला होता. २००५ पासून तिथे आरोग्य खात्यात नाव नोंदवायचं, २५ डॉलर भरायचे, स्वच्छतेची प्रश्नावली आपली आपण सोडवायची आणि कामाला लागायचं.