गुदमरतो तो चेहरा

हिवाळा सुरू झाला, हवेचा निर्देशांक पहिल्या पानावर आला आणि कपाटाच्या तळाशी गेलेले मास्क पुन्हा बाहेर निघाले. त्यांच्याबरोबर २०२० सालची तक्रारही निघाली, ‘याच्यात ऑक्सिजन कमी पडतो हो.’ घराघरांतल्या ग्रुपांवर तर मास्कने फुप्फुसं कायमची निकामी होतात, इथवर मजल गेलेली असते.

आधी हिशेब करू. साध्या एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. मास्क या वाया जाणाऱ्या हवेत थोडी भर घालतो, म्हणजे आपलीच सोडलेली हवा थोडी परत आत येते. शरीर जरा खोल श्वास घेऊन ती भरपाई करतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शिवाय एन-९५ मास्क नुसता चाळणीसारखा चालत नाही. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो. केसांतून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, तसे सूक्ष्म कण त्याला चिकटतात. ऑक्सिजनचा रेणू कोरोनाच्या विषाणूपेक्षा शेकडोपट लहान असतो, त्याला कोण अडवणार? अमेरिकेत सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार झालेल्या माजी सैनिकांना सर्जिकल मास्क लावून सहा मिनिटं चालवलं, तरी मास्कमुळे रक्तातल्या वायूंचं गणित बिघडल्याचं दिसलं नाही. मुलांच्या मास्कमध्ये कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीला जातो, असा एक निबंध २०२१ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये आला होता. मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप आले आणि दोनेक आठवड्यांत नियतकालिकाने तो मागे घेतला. फॉरवर्ड केलेला मेसेज असा मागे घेता येत नाही, ही पंचाईत.

मग गुदमरतं ते खोटं का? मुळीच नाही. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून पेशंटला वाटेला लावणाऱ्या डॉक्टरांचा मला याच ठिकाणी राग येतो.

भरलेल्या लोकलमध्ये जीव घाबरा झालेला माणूस दाराशी सरकतो आणि वारा तोंडावर आला की ‘हुश्श’ करतो. दारातल्या हवेत ऑक्सिजन काही आतल्यापेक्षा फारसा जास्त नसतो. सुटका होते ती चेहऱ्याची. गाल, नाक, ओठ यांच्यावर ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूचं जाळं असतं. गार वारा लागला की ते मेंदूला कळवतं, हवा खेळतेय, काळजी नको. १९८७ मध्ये निरोगी माणसांना मुद्दाम धाप लावून गालावर थंड हवा सोडली, तर धाप कमी जाणवली. दुर्धर आजारातल्या रुग्णाच्या हातात डॉक्टर छोटासा पंखा देतात, तो याच आधारावर. मास्क नेमकं उलटं करतो. वरच्या ओठावर कोमट, दमट हवा साचते, श्वास ओढायला किंचित जोर लागतो आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. फुप्फुसं मात्र निवांत असतात.

पुण्यातल्या मुली कोविडच्या कितीतरी आधीपासून डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी गुंडाळतात आणि स्कूटर हाणतात. त्यांच्या ऑक्सिजनची काळजी कुणी केल्याचं ऐकिवात नाही! अर्थात ती ओढणी ऊन आणि धूळ अडवते. धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण तिच्यातून बरेचसे आत जातातच. एन-९५ चालतो, पण गालाला घट्ट बसला तर. दाढीवर तो बसत नाही, हे दाढी राखणाऱ्या मित्रांना पटवणं अवघड जातं.

ज्यांना दोन पावलं टाकताच धाप लागते अशा सीओपीडीच्या रुग्णांनी एन-९५ डॉक्टरांना विचारूनच लावावा. त्यांना हा जास्तीचा जोर खरोखर जड जाऊ शकतो. पळायला जाणाऱ्यांनी हवा खराब असेल त्या दिवशी मास्क लावण्यापेक्षा पळणंच रद्द करावं. बाकीच्यांना कोंडल्यासारखं वाटलं तर मोकळ्या जागी जाऊन दोन मिनिटं मास्क काढावा, चेहऱ्याला वारा लागू द्यावा आणि पुन्हा लावावा. पण नाकावर लावावा. हनुवटीला श्वास घ्यायचा नसतो.