आगमनकाळातल्या आया

नाताळच्या आधीचे चार रविवार ज्यात येतात तो आगमनकाळ. त्यातही १७ डिसेंबरपासूनचे दिवस विशेष. या दिवसांत कॅथलिक चर्चमधल्या मिस्सेच्या वाचनांत येशूच्या जन्माआधी इतरांच्या जन्मकथा येतात. १९ तारखेला शमशोन आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांच्या जन्माची वार्ता, २२ तारखेला लहानग्या शमुवेलाला मंदिरात नेणारी हन्ना.

या जन्मांची चर्चा बहुधा चमत्काराभोवतीच फिरते. इसहाकाच्या जन्माबाबतही सांगितलं जातं ते हेच, की तेव्हा बाप अब्राहाम १०० वर्षांचा होता आणि आई सारा नव्वदीत. मला मात्र या कथांनी बाईचं दुःख किती जवळून पाहिलंय, याचंच अधिक नवल वाटतं.

हन्नाचीच गोष्ट घ्या. सवत पनिन्ना लेकुरवाळी. दरवर्षी सगळं कुटुंब शिलोला उपासनेला जाई आणि नेमकं तिथेच पनिन्ना तिला टोचून बोले. हन्ना रडे, जेवत नसे. दहा मुलांपेक्षा मी तुला अधिक नाही का, असं नवरा एलकाना विचारतो. प्रश्न मायेचा आहे, पण तिचं दुःख त्याला कळलेलं नाही. मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करते, ओठ तेवढे हलतात, तर एली याजकाला ती प्यालेली वाटते. ती दबत नाही. मी दारू प्यालेली नाही, देवापुढे मन मोकळं करते आहे, असं त्याला सांगते. पुढे शमुवेल होतो. त्याचं दूध तुटताच, नवस बोलल्याप्रमाणे, ती त्याला शिलोला देवाच्या सेवेत सोपवते. मग दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा अंगरखा करून नेते. या अंगरख्यापाशी मी दर वेळी थांबतो.

शमशोनाच्या आईला बायबलमध्ये नावच नाही. तरी मुलाची वार्ता आणणारा देवदूत दोन्ही वेळा आधी तिच्याकडेच येतो. देवाला पाहिलं, आता मरणार, म्हणून नवरा मानोहा घाबरतो, तेव्हा तीच त्याला समजावते: मारायचंच असतं तर देवानं आपलं अर्पण स्वीकारलं नसतं.

योहानाचे आईवडील अलिशिबा आणि जखऱ्या म्हातारे झालेले. दोघंही देवापुढे नीतिमान होते, हे शुभवर्तमानकार लूक मूल नसल्याचं सांगण्याआधीच सांगतो. निपुत्रिकपणा ही पापाची शिक्षा, असं समजायला तो जागाच ठेवत नाही. आजही हे ठळकपणे वाचलं जायला हवं.

मरीया या मालिकेत सहज बसत नाही. ती म्हातारी नाही, तिनं मूल मागितलेलंही नाही. योसेफाशी वाग्दान झालेली ही नाझरेथची मुलगी. आधीच्या बायकांची मानहानी मूल झाल्यानं संपली, मरीयेच्या वाट्याला ती मुलामुळे येणार होती. पुढे योसेफ तिला गुपचूप सोडायचं ठरवतो, असं दुसरा शुभवर्तमानकार मत्तय सांगतो. तरी मुलाची वार्ता आणणाऱ्या देवदूताला ती होकार देते आणि यहूदियाच्या डोंगराळ भागात अलिशिबेकडे जाते. तिथे तिनं गायलेलं स्तोत्र थेट हन्नाच्या गाण्याच्या वळणाचं आहे: बलवान खाली येतात, भुकेले तृप्त होतात. म्हणूनच २२ डिसेंबरच्या मिस्सेत आधी हन्नाची कथा, मग स्तोत्राच्या जागी हन्नाचंच गाणं आणि त्यानंतर शुभवर्तमानात मरीयेचं गाणं, असा क्रम लावलेला आहे.