गुडघ्याची गोळी, बीपीची गोळी आणि किडनी: एकत्र घेतल्यावर नेमकं काय होतं?

“येताना मेडिकलमधून ती गुडघ्याची गोळी आण. रिकामी पट्टी दाखवली की देतो तो.” घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार. त्या पट्टीवर बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन यांपैकी एक नाव असतं. डायक्लोफिनॅक तर ‘शेड्युल एच’मध्ये येतं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

या गोळ्यांनी पोटाला त्रास होतो हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ज्येष्ठांच्या बाबतीत खरी गडबड दुसरीकडे होते, ती म्हणजे बीपीच्या गोळीसोबत.

आधी गोळी काम कशी करते ते बघू. आपलं शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. गुडघ्यात त्यांच्यामुळे सूज येते, दुखतं. ॲस्पिरिनसारखी औषधं हीच रसायनं रोखतात, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि त्या संशोधनाबद्दल 1982 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. अडचण अशी, की हीच रसायनं पोटाचं आतलं अस्तर सांभाळतात आणि किडनीत रक्त आणणारी नळी मोकळी ठेवतात. गोळीला गुडघा आणि किडनी यातला फरक कळत नाही.

आता बीपीकडे या. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्या किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतात. एरवी ते किडनीसाठी चांगलंच असतं. त्यात लघवी वाढवणारं औषध असेल, तर अंगातलं पाणीही कमी होतं. म्हणजे आत येणारा पाईप आवळला, बाहेर जाणारा मोकळा सोडला आणि टाकीतलं पाणीही उतरलं. मग गाळणीला दाब मिळणार कुठून? डॉक्टर मंडळी याला ‘ट्रिपल व्हॅमी’ म्हणतात, आपण तिहेरी फटका म्हणू. जुलाब, ताप, उन्हातली पायपीट, वारीत कमी प्यायलेलं पाणी असं काही निमित्त झालं, की किडनी काही दिवसांतच बसू शकते.

“पण बाबा तर बीपीची एकच गोळी घेतात!” इथेच फसायला होतं. आपल्याकडे टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन एकाच गोळीत सर्रास येतं. गोळी एक, औषधं दोन. गुडघ्याची धरून तीन. त्यामुळे आज घरी गेल्यावर पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचाच. मात्र हे वाचून बीपीची गोळी परस्पर बंद करू नका, ते जास्त धोक्याचं आहे. थांबवायची असते ती बहुतेकदा दुसरी.

आणखी एक. पेनकिलरने बीपी वाढतं. मग तपासणीत आकडा जास्त येतो आणि गुडघ्याच्या गोळीबद्दल कुणी बोललंच नाही, तर बीपीचा डोस वाढतो.

(जाता जाता: डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन भारतातली गिधाडं किडनी निकामी होऊन मेली आणि 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही, त्यामुळे घाबरू नका.)

“मी सोबत गॅसची गोळी घेते ना.” पँटोप्राझोल पोटातल्या जखमेचा धोका कमी करतं, किडनीला त्याचा काही उपयोग नाही. क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं यावरही विसंबू नका. वयानुसार स्नायू घटतात, त्यामुळे किडनी थकलेली असूनही आकडा ठीक दिसतो. रिपोर्टमध्ये ईजीएफआर किती आहे ते बघा. हृदयासाठी ॲस्पिरिन सुरू असेल, तर आयबुप्रोफेन त्याचा परिणाम कमी करू शकतं, तेही डॉक्टरांना विचारा.

मग दुखणं सोसायचं का? अजिबात नाही. गुडघ्याच्या झिजेसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना व्यायामाला पहिलं स्थान देतात आणि औषधांत आधी वरून लावायचं जेल सुचवतात. तेच डायक्लोफिनॅक, पण रक्तात फार कमी जातं. फक्त ते नियमित लावावं लागतं आणि आपल्याकडे लोक दोन दिवसांत कंटाळतात. पॅरासिटामॉल किडनीच्या दृष्टीने बरंच सौम्य, पण झिजेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग बेताचाच. शिवाय अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या कित्येक गोळ्यांत ते आधीच असतं, सर्दीच्या गोळीतही असतं. बेरीज करताना हे धरा, जास्त झालं तर यकृताला धोका.

सकाळी तासभर बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर ती झीज नसून आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि पेनकिलर खाऊन वेळ काढला तर सांधे वाकडे होतात. गावोगावी मिळणाऱ्या ‘आयुर्वेदिक’ पुड्यांपासूनही लांब राहा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. एका दिवसात आराम पडला, तर संशय घ्यायला हवा.

गोळी सुरू असताना शौच डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा.