मॅचच्या ग्रुपवरचा भरवसा

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मध्यरात्र उलटली तरी आपल्या लालबाग-परळमध्ये फोन वाजतच होते!

मॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलणं मॅचपुरतं राहत नाही. दोन षटकांच्या मधे गिरणी कामगारांच्या घरांचा विषय निघतो, निवडणूक निघते, कांद्याचा भाव निघतो. यात वावगं काही नाही. पूर्वी हेच चाळीच्या गॅलरीत, रेडिओभोवती चालायचं. फरक एवढाच, की तिथला माणूस कोणत्या खोलीतला हे ठाऊक असायचं. ग्रुपवर एकाच संघासाठी ओरडलं, की अनोळखी माणूसही आपला वाटू लागतो. मग त्यानेच ‘टीम लावा, पैसे जिंका’ अशी लिंक टाकली, तर बोट सहज पडतं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. तेव्हा अशी लिंक उघडू नका, पुढे पाठवू नका. कुणी फसवून पैसे काढलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. बचत गटाचं कर्ज घरात आलं असेल, तर नवऱ्याला आणि मुलांनाही हे सांगून ठेवा.

ग्रुपवर मॅचवरून भांडा, राजकारणावरूनही भांडा. पैशाचा विषय निघाला, की मात्र आधी घरात बोला.