माया असेल तर मोत्याला घरीच ठेवा

पुण्यातल्या विश्रांतवाडी-धानोरीच्या सोसायट्यांमधला कुत्रा आता घरातलाच एक माणूस झाला आहे. त्यामुळे हिवाळ्यात गुलमर्गला जायचं ठरलं की त्यालाही न्यावं असं वाटणं साहजिक आहे. सपाट बर्फात तो बागडला तर काही बिघडत नाही. पण ठरलेली स्की-वाट सोडून मोकळ्या उतारांवर उतरायचं असेल, तर हिशेब बदलतो. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर बर्फाचा खालचा थर कच्चा असला, तर एका माणसाच्या भारानेही वरचा थर सुटतो. 1 फेब्रुवारी 2023 रोजी गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले. कुत्र्याचं वजन कमी, हे खरं. पण अशा उतारावरून एकेकानेच जायचं ही शिस्त त्याला ठाऊक नसते.

खरी अडचण मात्र बर्फ कोसळल्यानंतरची आहे. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची आशा मोठी असते. अर्ध्या तासात ती झपाट्याने घटते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्झवर संदेश देणारं शोधयंत्र असतं. तेच कुत्र्याला बांधलं, तर संदेश माणसाचा की कुत्र्याचा हे कळत नाही आणि मोलाची मिनिटं चुकीच्या जागी खणण्यात जाऊ शकतात. नाही बांधलं, तर तो सापडणं जवळपास दैवावर. शिवाय त्याच्यामागे मालक धोक्याच्या उतारावर धावणार.

यावर कुणी म्हणेल, कुत्रीच तर माणसं शोधतात! शोधतातच. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचिनमध्ये दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशीही होते. त्या शोधात लष्कराच्या डॉट आणि मिशा या कुत्र्यांनी मोलाची कामगिरी केली. सहा दिवसांनी जिवंत सापडलेले हनुमंतप्पा कोप्पड यांचंही 11 फेब्रुवारीला निधन झालं. पण ही कुत्री शिकवून तयार केलेली होती, सोबत हँडलर होते आणि ती आली दुर्घटनेनंतर. घरच्या मोत्याला या कामाचं शिक्षण नसतं. हस्की जातीच्या कुत्र्याची दाट लव थंडी अडवते, बर्फाखालची घुसमट नाही. तेव्हा नेणारच असाल, तर उतारांपासून दूर, सपाटीवर फिरवा. डोंगर चढायचा असेल, तर चार दिवस त्याला शेजाऱ्यांकडे ठेवा. त्यातच त्याचंही भलं आहे आणि सोबत्यांचंही.